रोजच्याला फ्रेश-वूडीच लावा, ऊद आणि व्हॅनिला लग्नाला ठेवा

सध्या बेळगावात ज्याला बघावं त्याच्या अंगाला ऊद (अगरूच्या लाकडाचा जड वास), नाहीतर गोड व्हॅनिला. पावसाळ्यात खानापूरहून सकाळची बस खिडक्या बंद करून येते तेव्हा आत श्वास घेववत नाही. पोरं टापटीप राहतात हे मला मनापासून आवडतं, बापय माणसानं सेंट लावला की नावं ठेवायचे दिवस गेले ते बरंच झालं, पण रोज कामाला जाताना लावायचा वास आणि रिसेप्शनला लावायचा वास वेगळा पाहिजे की नको? माझं मत पक्कं आहे. रोजच्याला फ्रेश-वूडीच.

म्हणजे वर, लावल्या लावल्या येणारं, लिंबू, संत्रं, बर्गमोट (लिंबाच्या जातीचंच फळ) असलं टवटवीत काहीतरी आणि खाली, मागं राहणारं, वाळा, सीडरचं लाकूड, चंदन. लिंबाचा वास हलका, तो लवकर उडून जातो, लाकडाचा जड, तो तासन्‌तास कातडीला धरून राहतो. त्यामुळे दुकानात कागदाच्या पट्टीवर फवारून नाकाला लावलं आणि लगेच "भारी आहे, द्या" म्हटलं तर तुम्ही नुसत्या वरच्या लिंबाला भुललात. मनगटावर मारा, गणपत गल्ली, खडेबाजार फिरून या, चहा घ्या, मग परत वास घ्या, आणि तो खालचा वास आवडला तरच पाकीट काढा. दुकानदार "शेवटचा पीस आहे" म्हणून घाई करत असेल तर सरळ बाहेर पडायचं.

मी उद्यमबागेत मशीन शॉपला आहे. तिथं कूलंट आणि कटिंग ऑइलचा वास शर्टाच्या बाह्यांत बसतो, धुतला तरी थोडा राहतोच. त्यावर गोड सेंट मारला की दोन्ही मिळून दुपारपर्यंत असं काही होतं की शेजारच्या मशीनवरचा माणूस तोंड फिरवतो. वाळ्याचं तसं होत नाही. वाळा मुळातच मातकट, जरा धुरकट, त्यामुळे लोखंड-तेलाच्या वासाशी भांडत नाही, घाम आला तरी अंगावर आंबल्यासारखा लागत नाही, आणि शिफ्ट सुटल्यावर कॉलर नाकाशी धरली तर हलकासा कोरड्या लाकडाचा वास अजून असतो. मला तो वास फार आवडतो. दिवसभर राबलेल्या माणसाला शोभतो.

आणि हा वास आपल्याला नवा आहे का? उन्हाळ्यात माठात वाळ्याची जुडी टाकून पाणी प्यायलेली माणसं आपण. त्याच मुळांवर गेर्लां या फ्रेंच सेंट कंपनीनं १९५९ ला व्हेटिव्हर (म्हणजे वाळाच) नावाचा सेंट काढला, अजून विकला जातो. एर्मेस कंपनीचा २००६ चा तेर द'एर्मेस घ्या, ज्याँ-क्लोद एलेना या सेंट बनवणाऱ्यानं केलेला, त्यातपण संत्रं, ग्रेपफ्रूट आणि खाली वाळा-सीडर. हे महाग आहेत, मान्य, रोजच्याला कोण घेणार. पण तशाच वासाचे परवडणारे आता खूप मिळतात, आणि अल्कोहोल नको असेल तर कनौजचं खस, म्हणजे वाळ्याचंच, अत्तर आहेच, अगदी कणभर लावलं तरी पुरतं. चंदनाचं तर आपल्या कर्नाटकात सांगायलाच नको. पहिल्या महायुद्धात चंदनाची निर्यात अडकली म्हणून म्हैसूर संस्थाननं बेंगळूरला साबणाचा सरकारी कारखाना काढला, त्याचाच म्हैसूर सँडल साबण. त्या साबणानं आंघोळ करून वर वाळ्याचा हलका सेंट, यापेक्षा चांगली जोडी मला तरी माहीत नाही.

आता मारायचा किती, कारण खरी अडचण तिथंच आहे. आपलं नाक आपल्याच वासाला थोड्या वेळात सरावतं आणि आपल्याला वाटतं उडाला, म्हणून माणूस परत मारतो, परत मारतो, आणि समोरच्याला मात्र तो सगळा येत असतो. तेव्हा स्वतःच्या नाकावर जाऊ नका, घरच्यांना विचारा. मानेला दोन, छातीला एक, बस झालं. हात मिळवायला जवळ आलेल्याला यावा, पलीकडच्या टेबलाला नको. कातडी कोरडी असेल तर आधी थोडं खोबरेल किंवा मॉइश्चरायझर लावा, वास जास्त टिकतो.

आमच्याकडच्या पावसात अजून एक. जून ते सप्टेंबर कपडे धड वाळत नाहीत, आणि कुबट शर्टावर सेंट मारून तो कुबटपणा जात नाही, उलट दोन्ही वास वेगवेगळे कळतात. आधी शर्ट इस्त्रीनं पूर्ण कोरडा करा, सेंट अंगाला लावा. बाटली गाडीच्या डिकीत किंवा बाथरूममध्ये ठेवू नका, ऊन आणि उष्णता लागली की आधी वरचं लिंबू बिघडतं. कपाटात, खोक्यातच ठेवा. आणि नवीन काही घ्यायचं झालं तर एकदम शंभर मिलीची बाटली नको, छोटी घ्या, एकदा उन्हाळ्यात आणि एकदा पावसात लावून बघा, मग मोठी.