‘ऑफिसच्या फाइली क्लाऊडवर ठेवू नका’ या मेसेजला मुद्देसूद उत्तर

व्यापारी, पतसंस्था, शेतकरी कंपन्या, शाळा अशा सगळ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सध्या एक लांबलचक मेसेज फिरतोय. त्याचं सार असं: कार्यालयाची कागदपत्रं क्लाऊडवर, म्हणजे गुगल ड्राइव्ह, वनड्राइव्ह असल्या इंटरनेटवरच्या साठवणीत ठेवू नका. कंपनीवाले ती वाचतात, लिंक ज्याच्या हाती लागेल त्याला सगळं दिसतं, दोघांनी एकदम लिहिलं की एकाचं पुसलं जातं, नेट गेलं की काम ठप्प होतं, आणि असले कागद ऑडिटला नि कोर्टात चालत नाहीत. शेवटी सल्ला दिलाय की सगळं पेनड्राइव्हवर घ्या, कपाटात कुलूपबंद करा आणि निर्धास्त राहा.

लातूर-परभणी भागातल्या छोट्या कार्यालयांची संगणकाची कामं मी करतो. हा मेसेज वाचून नीट बसलेली घडी मोडणारे लोक मला रोज भेटतायत, म्हणून गप्प बसवत नाही.

सुरुवात शेवटच्या सल्ल्यापासून करतो, कारण सगळ्यात जास्त नुकसान तोच करणार आहे. पेनड्राइव्हमधली माहिती विद्युतभाराच्या रूपात साठलेली असते. तो वर्षानुवर्षं नुसता पडून राहिला तर हा भार हळूहळू झिरपतो. बहुतेक वेळा त्याआधीच आतली चिप जाते, आणि संगणक ‘फॉरमॅट करायचं का?’ एवढंच विचारत बसतो. हरवला तर ज्याला सापडेल त्याला पासवर्डसुद्धा लागत नाही. झेरॉक्सच्या दुकानात एकदा लावला की सगळ्या फोल्डरांचे शॉर्टकट करून टाकणारा व्हायरस सोबत घेऊन येतो. आणि कुलूपबंद कपाटाचं म्हणाल, तर २१ जून २०१२ ला मुंबईत मंत्रालयाला आग लागली तेव्हा ज्या फाइली जळाल्या त्याही कपाटांतच होत्या. कितीतरी फाइलींची दुसरी प्रत कुठेच नव्हती. आपल्या मराठवाड्याला तर हे वेगळं सांगायलाच नको. न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीनं २०२३ मध्ये कुणबी नोंदी शोधायला घेतल्या, तेव्हा निजामकाळातली मोडी आणि उर्दू दप्तरं धुंडाळावी लागली. सापडलेल्या नोंदी स्कॅन होऊन जिल्ह्यांच्या संकेतस्थळांवर आल्या, तेव्हा कुठं लोकांना त्या घरबसल्या बघता आल्या. एकाच जीर्ण प्रतीवर पिढ्यांचे हक्क टांगलेले असणं म्हणजे काय, ते इथल्या घराघराला ठाऊक आहे.

म्हणून क्लाऊडवर एकदा टाकलं की झालं, असंही मी म्हणणार नाही. दक्षिण कोरियातल्या देजॉन शहरात २६ सप्टेंबर २०२५ ला सरकारी डेटा सेंटरला आग लागली. सरकारी कर्मचाऱ्यांचं सामाईक फाइल-भांडार, ८५८ टेराबाइटचं, त्यात गेलं. त्याची बाहेर प्रतच ठेवलेली नव्हती. नियम साधा आहे आणि जुना आहे: तीन प्रती, दोन वेगळ्या साधनांवर, त्यातली एक दुसऱ्या ठिकाणी. क्लाऊड ही त्यातली एक प्रत. शिवाय संगणकावरचा फोल्डर क्लाऊडशी जोडलेला असेल तर इकडे डिलीट केलेलं तिकडंही डिलीट होतं. गुगल ड्राइव्हच्या ट्रॅशमध्ये फाइल ३० दिवस राहते, मग कायमची जाते. त्यामुळे महिन्याला एकदा सगळं डाउनलोड करून बाहेरच्या हार्डडिस्कवर घ्याच. पेनड्राइव्ह वापरा हो, पण तिसरी प्रत म्हणून.

आता ‘दोघांनी एकदम लिहिलं की एकाचं पुसतं’ हा मुद्दा. हे खरं होतं ते ईमेलवर एक्सेल पाठवण्याच्या पद्धतीत. मेलमधून आलेली फाइल तिघं आपापल्या संगणकावर उतरवून घेतात, तिघंही वेगवेगळं भरतात, आणि संध्याकाळी ‘फायनल’, ‘फायनल २’, ‘फायनल नवीन’ यातली खरी कोणती यावर वाद होतो. सामाईक शीटमध्ये, म्हणजे सगळ्यांनी नेटवरून उघडायच्या गुगल शीटसारख्या तक्त्यात, फाइल एकच असते.

सोयाबीन खरेदीच्या हंगामातलं एका शेतकरी कंपनीचं काम सांगतो. काट्यावरचा मुलगा मोबाइलवरून वजन आणि ओलावा भरतो. ऑफिसातल्या ताई त्याच ओळीत शेतकऱ्याचं खातं आणि पावती क्रमांक टाकतात. लातुरात बसलेले सीए संध्याकाळी तीच शीट उघडून रकमा तपासतात. हमीभावाच्या खरेदीत ओलाव्याची मर्यादा सहसा १२ टक्के, त्यामुळे तो रकाना म्हणजे शेतकऱ्याचा जीव. एका माणसाचा माल ११.८ टक्क्यांवर घेतला होता, शीटमध्ये मात्र १८.१ दिसत होते. तो तावातावानं ऑफिसात आला. ताईंनी त्या चौकटीवर राइट क्लिक करून ‘शो एडिट हिस्टरी’ उघडलं. आधीचा आकडा ११.८, नंतरचा १८.१, कोणत्या खात्यावरून आणि किती वाजता बदलला, सगळं समोर आलं. टायपिंगची चूक होती, तिथंच दुरुस्त झाली. “बघा काका, तुमचाच आकडा बरोबर होता,” एवढं म्हणून ताईंनी स्क्रीन त्यांच्याकडे फिरवली. पेनड्राइव्हवरच्या एक्सेलमध्ये हा पुरावा कुठून आणणार?

खरी अडचण वेगळीच आहे आणि ती मेसेज लिहिणाऱ्याला माहीतच नाही. सामाईक शीटमध्ये कुणी एकानं नावांनुसार सॉर्ट केलं की सगळ्यांच्या पडद्यावर ओळी हलतात. त्यातही एकच रकाना निवडून सॉर्ट केला तर एकाचं वजन दुसऱ्याच्या नावापुढे जाऊन बसतं. त्यासाठी ‘फिल्टर व्ह्यू’ आहे. त्यातली उलथापालथ फक्त आपल्यालाच दिसते. सूत्रांचे आणि दरांचे रकाने ‘प्रोटेक्ट’ करून ठेवायचे, म्हणजे काट्यावरच्या मोबाइलवरून चुकूनही बोट लागणार नाही. दोन गोष्टी एका दुपारी शिकवून होतात.

‘लिंक ज्याच्या हाती, त्याला सगळं दिसतं’ हे अर्धसत्य आहे. ड्राइव्हवर नवी फाइल बनते ती बंदच असते, नाव घेऊन परवानगी दिलेल्यालाच उघडते. ती सताड उघडतो आपणच. लिंक ग्रुपवर टाकली की धडाधड ‘ॲक्सेस द्या’ म्हणून विनंत्या येतात, साहेब वैतागतात, आणि कुणीतरी ‘एनीवन विथ द लिंक’ (लिंक असलेला कुणीही) निवडून वर ‘एडिटर’ करून टाकतो. विद्यार्थ्यांच्या याद्या, कर्जदारांची खाती, आधारच्या प्रती असलेली फाइल या एका क्लिकनं जगाला खुली होते. त्यावर उपाय फाइल क्लाऊडवरून काढणं हा नाही. ज्याला फक्त बघायचंय त्याला ‘व्ह्यूअर’, ज्याला सूचना करायच्यात त्याला ‘कमेंटर’ आणि ज्याचं कामच भरायचं आहे त्यालाच ‘एडिटर’. माणूस काम सोडून गेला की त्याच दिवशी त्याचं नाव काढायचं. पेनड्राइव्हची एकदा कॉपी गेली की ती परत मागता येत नाही. इथं परवानगी काढून घेता येते. मात्र समोरच्यानं आधीच डाउनलोड केलेलं आपल्या हातात राहत नाही, म्हणून आधारची प्रत ठेवायचीच असेल तर पहिले आठ आकडे झाकलेलं मास्क्ड आधारच ठेवा.

कंपनीवाले वाचतात का? माणूस बसून तुमचं जमाखर्चाचं पान वाचत नाही. फाइली जाताना आणि साठवलेल्या असताना कूटबद्ध, म्हणजे किल्लीशिवाय वाचता न येणाऱ्या रूपात असतात, आणि ड्राइव्हमधला मजकूर जाहिरातींसाठी वापरत नाही असं गुगलनं जाहीरपणे सांगितलेलं आहे. पण नेहमीच्या सेवेत कुलपाची किल्ली कंपनीकडेही असते, व्हायरस आणि गैरवापरासाठी यंत्रं फाइली तपासतात, आणि कायदेशीर आदेश आला तर माहिती द्यावी लागते. हे समजून घेऊन ठरवा. अगदीच नाजूक कागद असेल तर फाइलला स्वतःचा पासवर्ड लावून मगच वर चढवा.

नेटचं म्हणाल तर क्रोममध्ये ऑफलाइनची सोय आहे, फक्त ती नेट असताना चालू करून ठेवावी लागते. नेट आलं की भरलेलं आपोआप चढतं.

कायद्याचा मुद्दा मात्र सविस्तर सांगायला हवा, कारण लोक सगळ्यात जास्त यालाच घाबरतात. माहिती तंत्रज्ञान कायदा २००० च्या कलम ४ नं इलेक्ट्रॉनिक नोंदींना मान्यता दिलीय. १ जुलै २०२४ पासून लागू असलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ नुसार अशी नोंद पुरावा म्हणून देता येते; सोबत ठरलेल्या नमुन्यातलं प्रमाणपत्र आणि फाइलचं हॅश मूल्य (फाइलवरून संगणकानं काढलेला, फाइल बदलली की बदलणारा आकडा) द्यावं लागतं. मृत्युपत्रासारखे काही दस्त आजही कागदावरच लागतात, आणि सही-शिक्क्याचा मूळ कागद स्कॅन केला म्हणून फेकायचा नसतो. शेतकरी उत्पादक कंपन्यांनी तर आणखी एक गोष्ट नीट वाचावी. कंपनी कायद्याच्या लेखा नियमांत हिशोबाची पुस्तकं संगणकावर ठेवणं धरलेलंच आहे. २०२२ च्या दुरुस्तीनं त्यांची प्रत भारतातल्या सर्व्हरवर रोजच्या रोज ठेवायला सांगितलं, आणि १ एप्रिल २०२३ पासून लेखा सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक बदलाची नोंद राहणं बंधनकारक झालं. कपाटातला पेनड्राइव्ह यात कुठंच बसत नाही. मोफतचं ड्राइव्ह खातंही बसेलच असं नाही, कारण तिथं डेटा कोणत्या देशात राहील हे तुम्हाला ठरवता येत नाही. लेखापुस्तकांसाठी भारतातल्या सर्व्हरची हमी देणारी सेवाच घ्या आणि सीएंना विचारून घ्या.

ज्या धोक्यावर या मेसेजमध्ये एक ओळही नाही, तो मला सगळ्यात मोठा वाटतो. बहुतेक कार्यालयांच्या फाइली कार्यालयाच्या नसतातच. त्या एखाद्या कारकुनाच्या, ऑपरेटरच्या वैयक्तिक जीमेलवर असतात. ओटीपी त्याच्या मोबाइलवर येतो. तो पुण्याला नोकरीला गेला, नंबर बदलला, की दहा वर्षांचं दप्तर त्याच्यासोबत गेलं. डिसेंबर २०२३ पासून लागू झालेल्या धोरणानुसार दोन वर्षं न वापरलेलं वैयक्तिक खातं गुगल फाइलींसकट काढून टाकू शकतं. पैसे भरून घ्यायच्या काही योजनांमध्ये ‘शेअर्ड ड्राइव्ह’ मिळतो, त्यातल्या फाइली माणसाच्या नसून संस्थेच्या असतात. तेवढा खर्च झेपत नसेल तर निदान संस्थेच्या नावाचं वेगळं खातं काढा. त्याला दोन टप्प्यांची पडताळणी (पासवर्डनंतर आणखी एक खात्री) लावा, रिकव्हरीचा नंबर अध्यक्षांचा किंवा मुख्याध्यापकांचा द्या, आणि बॅकअप कोड, म्हणजे मोबाइल हाताशी नसताना खातं उघडायचे आकडे, दोन जबाबदार माणसांकडे छापून ठेवा. मग महत्त्वाच्या फाइली एकेक उघडून मालक कोण ते बघा. नाव कर्मचाऱ्याचं निघालं तर तो कामावर असतानाच मालकी या खात्याकडे पाठवायला सांगा आणि विनंती आली की लगेच स्वीकारा, कारण वैयक्तिक खात्यांमध्ये समोरच्यानं स्वीकारल्याशिवाय मालकी बदलत नाही.