नवगावच्या कबरी कुणाच्या?

आज सकाळी गावाकडच्या एका ग्रुपवर कुणीतरी अलिबागजवळच्या नवगावच्या ज्यू कबरस्तानाचा फोटो टाकला. खाली मजकूर: "परक्या लोकांची थडगी. वारस इस्रायलला गेले आणि एवढी मोक्याची जागा अडून पडलीय." त्याखाली हसऱ्या इमोजींची रांग. तेव्हापासून डोकं फिरलंय माझं.

परके? चौलच्या बंदराकडे येणारं गलबत इथल्या खडकांवर फुटलं, सात पुरुष आणि सात बायका तेवढ्या वाचल्या, बाकीच्यांना याच किनाऱ्याजवळ पुरलं, असं बेने इस्रायल, म्हणजे आपले कोकणातले ज्यू, पिढ्यानपिढ्या सांगत आले. केव्हा, दोन हजार वर्षांपूर्वी की नंतर, हा वाद अभ्यासकांनी घालावा. त्या चौदा जणांचा वंश आपल्या अष्टागरात रुजला, तेलाचे घाणे चालवू लागला. शनिवारी घाणा बंद, म्हणून गावाने नाव ठेवलं शनिवार तेली. आडनावं तर बघा: नवगावकर, किहीमकर, पेणकर, रोहेकर, दिवेकर. आपल्या गावांची नावं मिरवणारी माणसं परकी कशी?

आमच्या शेजारी असंच एक घर होतं. काकू नऊवारी नेसायच्या, गळ्यात मंगळसूत्र. शुक्रवारी तिन्हीसांजेला दिवा लावला की शनिवारभर चुलीला हात नाही. मलिदा केला की गोड पोह्यांची वाटी आमच्याकडे यायचीच. ते सगळे इस्रायलला निघाले तेव्हा काकू माझ्या आईला म्हणाल्या, "वहिनी, मामंजींच्या कबरीवर रान माजू देऊ नका हो." बस, एवढंच.

आई माळकरी. पण दरवर्षी नवरात्र उरकलं की कोयता घेऊन जायची. मी सोबत. घाणेरीची झुडपं मुळापासून काढायची, दगडावरचं शेवाळ नारळाच्या काथ्याने घासायचं. वर हिब्रू अक्षरं, खाली स्वच्छ मराठीत नाव आणि गाव. हे आपलं काम आहे का, असा प्रश्न तिला कधी पडला नाही. आज तो सगळ्यांना पडतोय.

गुंठ्याचा भाव मलाही कळतो. आणि हो, १९४८ नंतर बहुतेक कुटुंबं गेली, मागे राहिलेल्या थोड्या घरांनी गावोगावची कबरस्तानं कुठवर सांभाळायची, हेही खरं. पण म्हणून हसायचं?

गेले म्हणजे तरी कुठे गेले? तिथे बसून 'मायबोली' नावाचं मराठी मासिक काढलं त्यांनी. आजही इथे आले की अलिबागजवळच्या खंडाळ्याला एलियाहू हन्नाबीच्या टापेवर, म्हणजे एलियाहू प्रेषिताच्या स्थानावर जातात, अलिबागच्या इस्रायल आळीतल्या सिनेगॉगमध्ये, म्हणजे त्यांच्या प्रार्थनास्थळात जातात. मुंबईच्या मशीद बंदर स्टेशनवर रोज धक्के खाता ना? ती मशीद म्हणजे सॅम्युअल दिवेकरांनी १७९६ साली बांधलेलं सिनेगॉग. हे शाळेत कुणी शिकवलं नाही, मान्य. पण नवगावात स्मारकाचा उभा खांब आहे, तोही दिसत नाही?

काकू एकदा परत आल्या होत्या. म्हाताऱ्या झालेल्या, सोबत नातू, त्याला मराठी जेमतेम. कबरीपाशी गेल्या, दगडावरून हात फिरवला, नातवाला नाव वाचून दाखवलं आणि आईच्या गळ्यात पडून रडल्या. आईही रडली. मोक्याची जागा म्हणे!

जगात कितीतरी ठिकाणी ज्यूंचा छळ झाला. इथे झाला नाही, हे आपण भाषणांत किती छाती फुगवून सांगतो. मग त्यांच्या पहिल्या माणसांची माती विकाऊ जमीन म्हणून कशी बघवते? जिवंतपणी सांभाळलं, मेल्यावर भाव लावायचा?

ज्याने ती पोस्ट टाकली त्याला मी ओळखत नाही. पण खाली हसणाऱ्यांत माझ्या फ्रेंडलिस्टमधलेही आहेत, आणि त्यातल्या दोघांची घरं आमच्याच आळीत आहेत. काकूंच्या हातचे पोहे तुम्हीही खाल्लेत. ते हसू आत्ताच्या आत्ता काढा, आणि पावसाळा संपला की कोयता घेऊन माझ्याबरोबर चला.