मागचा ट्रक ही पुढच्याची नक्कल नाही

स्लॅलम म्हणजे स्केटबोर्डवरून शंकूंच्या रांगेतून नागमोडी जाण्याचा खेळ. तो शिकणाऱ्या मुलांमध्ये सध्या एक ‘परफेक्ट सेटअप’ फिरतोय. दोन्ही ट्रक (बोर्डखालचे, चाकं धरणारे भाग) ६० अंशांवर ठेवा, म्हणजे बोर्ड दोन्ही टोकांनी सारखा आणि जास्तीत जास्त वळेल. वेगात वॉबल आला, म्हणजे बोर्ड डावी-उजवीकडे थरथरू लागला, तर किंगपिन (ट्रकमधला मुख्य बोल्ट) पूर्ण आवळा. वेज (ट्रक आणि फळीच्या मध्ये बसणारी पाचर) नसेल तर साधे रायझर (तिथेच बसणाऱ्या सपाट पट्ट्या) एकावर एक रचा, काम तेच होतं. माझ्या भाचीने तो मला पाठवून विचारलं, “मामा, असं करून उतारावर जाऊ का?” अजिबात नको. हा सल्ला देणाऱ्याने त्यावर स्वतः वेगात उतरून पाहिलं असेल, यावर माझा विश्वास बसत नाही.

किंगपिनपासूनच सुरुवात करतो, कारण हाडं मोडायची वेळ याच मुद्द्यावर येते. ट्रकचा कोन म्हणजे हँगर (ट्रकचा चाकं बसवलेला, वळणारा भाग) ज्या अक्षाभोवती फिरतो, त्या अक्षाचा जमिनीशी असलेला कोन. डेक (बोर्डची फळी) किती कलला की चाकं किती वळतील, हे तो कोन ठरवतो. माँट हबर्ड यांचा स्केटबोर्डच्या स्थिरतेवरचा शोधनिबंध १९७९ साली ‘जर्नल ऑफ अप्लाइड मेकॅनिक्स’मध्ये आला. स्केटबोर्डच्या या गणितात कल आणि वळण यांचं नातं सरळ आहे: चाकांच्या वळणाचा टॅन म्हणजे अक्षाच्या कोनाचा टॅन गुणिले डेकच्या कलाचा साइन. त्यात किंगपिनचा नट कुठे आहे? कुठेच नाही.

आकडे घालून बघा. डेक १० अंश कलला, तर ६० अंशांचा ट्रक जवळजवळ १७ अंश वळतो, ४५ चा १० च्या किंचित आत आणि ३० चा ६ च्याही आत. आता मागचा ट्रकही ६० वर असेल, तर तोही १७ अंश वळणार, पण पुढच्याच्या उलट दिशेने, म्हणजे शेपूट वळणाच्या बाहेर जाणार. वेगात पाय जरासा हलला तरी मागची बाजू झटका देते, तो सावरायला आपण दुसरीकडे कलतो, ते जरा जास्तच होतं, मग पुन्हा उलटं. वॉबल म्हणतात तो हाच. नट आवळल्याने वॉबल थोडा उशिरा सुरू होतो, एवढं मान्य. पण वळणाचं प्रमाण तसंच राहतं, फक्त कलायला जोर जास्त लागतो. पूर्ण आवळलेली बुशिंग (किंगपिनवरच्या लवचिक कड्या) कडेने फुगतात आणि काही दिवसांत चिरतात. शिवाय शंकू जवळजवळ असले की वळायला हवा तेवढा कल मिळतच नाही. म्हणजे वळणही गेलं आणि स्थिरताही आली नाही. हे मुलांना ‘उपाय’ म्हणून सांगायचं?

राहिला ‘दोन्ही सारखे’चा हट्ट. साध्या बोर्डवर, जिथे दोन्ही दिशांनी चालवायचं असतं, तिथे ते बरोबर आहे. स्लॅलममध्ये पुढचा ट्रक दिशा देतो आणि मागच्याने रेषा धरून ठेवायची असते, म्हणजे पंप करताना (अंगाच्या झोक्याने वेग वाढवताना) पायाला रेटायला काहीतरी ठाम मिळतं. आणि कोनांची बेरीज तेवढीच असताना सारख्या कोनांनी बोर्ड जास्त वळतो हा समजही चुकीचा आहे. पुढे ६० मागे ३० घ्या किंवा दोन्हीकडे ४५, बेरीज ९० च. तरीही त्याच कलाला ६०-३० ची वळणाची त्रिज्या सुमारे १३ टक्के लहान येते. फक्त असा बोर्ड वेगात उलटा चालवू नका. तेव्हा जास्त वळणारा ट्रक मागे जातो.

रायझरबद्दल फार बोलण्यासारखं नाही. सपाट रायझर उंची वाढवतो, कोन तसाच राहतो. कोन बदलायला वेजच लागतो. पुढच्या वेजची जाड बाजू बोर्डच्या मध्याकडे ठेवली की कोन वाढतो. मागच्याची जाड बाजू शेपटीकडे ठेवली की कमी होतो. दोन्ही जाड बाजू शेपटीकडेच बघत असतील तर जोडणी बरोबर आहे. जाड बाजूला लांब बोल्ट घाला. नटातल्या नायलॉनच्या कड्यातून बोल्टचे आटे बाहेर आलेले दिसलेच पाहिजेत, नाहीतर नट हादऱ्याने सुटतो. रायझरची चळत रचणाऱ्यांचे बोल्ट नेमके इथेच आखूड पडतात.

शिकणाऱ्याने पुढे ५० आणि मागे ३० च्या आसपास सुरुवात करावी, मागचं बुशिंग पुढच्यापेक्षा थोडं कडक घ्यावं. शंकू जवळ असतील तर पुढचा कोन वाढवा, जायंट स्लॅलमसारखे लांब लांब असतील आणि वेग जास्त असेल तर उतरवा. एका वेळी एकच गोष्ट बदला आणि आधी सपाट जागेवर चालवून बघा. तरीही शेपूट हलत असेल तर मागचा कोन आणखी कमी करा, पाना किंगपिनला नंतर लावा.