कव्हर्स का जमवते: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

इतकी सविस्तर प्रतिक्रिया दिलीत, आभार. बीटल्स या इंग्लिश बँडच्या गाण्यांची कव्हर्स, म्हणजे इतरांनी गायलेली किंवा वाजवलेली रूपं, आणि त्यांना मानवंदना म्हणून काढलेले ट्रिब्यूट अल्बम जमवण्याबद्दल मी लिहिलं, त्यावर तुमचं म्हणणं असं: अस्सल हाताशी असताना नकला कशाला गोळा करायच्या, ट्रिब्यूटच्या नावाखाली निव्वळ धंदा चालतो, आणि या पसाऱ्यात मूळ गाणी ऐकायची राहूनच जात असणार. शिवाय माझी एक चूकही दाखवलीत. आधी ती.

अमेरिकन गायिका अरीथा फ्रँकलिनचं ‘लेट इट बी’ बीटल्सच्या मूळ गाण्यानंतर आलं, असं मी लिहिलं होतं. ते चुकलंच. तिचा अल्बम जानेवारी १९७०चा, बीटल्सची सिंगल मार्चमधली. दुरुस्ती केली आहे. पण ज्यांनी त्या मधल्या काळात हे गाणं पहिल्यांदा तिच्या आवाजात ऐकलं, त्यांनी अस्सल कोणाचं म्हणायचं?

धंद्याचा मुद्दा मला मान्य आहे. १९६४ साली बीटल्सची लाट आली तेव्हा घाईघाईत उरकलेल्या स्वस्त एलपी निघाल्या, नावं आणि चित्रं अशी की घेणारा फसावा. ती लबाडीच होती. आणि मूळ गाणं सुरान् सूर उतरवून काढणारे ट्रिब्यूट अल्बम मीही आता घेत नाही. त्यांत ऐकण्यासारखं काही नसतं.

पण इंग्लिश गायक जो कॉकर? ‘विथ अ लिटल हेल्प फ्रॉम माय फ्रेंड्स’ हे १९६७चं गाणं बीटल्सचा ड्रमर रिंगो याच्यासाठी बेतलेलं, त्याच्या आवाजाला झेपेल एवढ्याच सुरांत फिरणारं. बाकीचे प्रश्न विचारतात, तो शांतपणे उत्तरं देतो. कॉकरने पुढच्याच वर्षी त्याची चार मात्रांची सरळ चाल मोडली आणि ते संथ, झुलत्या सहा मात्रांत नेलं. प्रश्न आता बायकांचा कोरस विचारतो, आणि उत्तर देणारा माणूस पार कोलमडलेला आहे. शब्द जवळपास तेच. मित्र नसते तर या माणसाचं काय झालं असतं, ही भीती त्या शब्दांत पहिल्यापासून होती. मला ती कॉकरमुळे ऐकू आली. आता रिंगोचं गाणं लावलं की त्याच्या शांतपणाखालीही ती जाणवते. याला नकल कशी म्हणू?

अरीथाचंच ‘एलेनॉर रिग्बी’ घ्या. मूळ गाण्यात आठ तंतुवाद्यं आहेत, बीटल्सपैकी कोणीही वाद्य वाजवत नाही, आणि एका एकाकी बाईकडे लांबून पाहिलं जातं. अरीथा सुरुवातीलाच सांगते की एलेनॉर रिग्बी मीच. एक सर्वनाम बदललं, आणि जिच्याकडे सगळे बघत होते ती स्वतः बोलायला लागली.

सगळंच मला आवडतं असं नाही. लायबाख या स्लोव्हेनियन बँडने १९८८ मध्ये बीटल्सचा ‘लेट इट बी’ अल्बम शीर्षकगीत वगळून अख्खा नव्याने केला, लष्करी संचलनासारखा. तो मला सलग ऐकवत नाही. तरी संग्रहात आहे, कारण ही गाणी किती ताण सोसतात ते त्यात कळतं.

आणि खुद्द बीटल्स? त्यांच्या १९६३च्या पहिल्या एलपीवरच्या १४ गाण्यांपैकी ६ दुसऱ्यांची आहेत. ‘ट्विस्ट अँड शाउट’ त्यांच्याआधी आइझ्ली ब्रदर्सनी गायलं होतं, आणि त्यांच्याही आधी टॉप नोट्सनी. तुमची कसोटी लावली तर ते गाणं त्यांनी गायलाच नको होतं.

राहिला शेवटचा प्रश्न, मूळ गाणी शेवटची कधी ऐकलीत? काल रात्री. आधी बुकर टी. अँड द एम.जीज. या अमेरिकन बँडचा ‘मॅक्लमोर अव्हेन्यू’ हा अल्बम लावला. बीटल्सचा ‘अॅबी रोड’ अल्बम बाजारात आल्यावर काही महिन्यांतच त्यांनी त्यातली बहुतेक गाणी न गाता, फक्त वाद्यांवर वाजवली आणि आपल्या मेम्फिसमधल्या स्टुडिओसमोरचा रस्ता, ‘अॅबी रोड’च्या मुखपृष्ठावर बीटल्स ओलांडतात तसाच, ओलांडत फोटो काढला. बीटल्सनी अखेरीस ठेवलेली गाणी त्यांनी सुरुवातीलाच घेतली आहेत. ते संपल्यावर ‘अॅबी रोड’ची दुसरी बाजू लावली. त्यातल्या ‘द एंड’मध्ये बीटल्समधले पॉल, जॉर्ज आणि जॉन आळीपाळीने गिटार वाजवतात, त्या जागा मी इतकी वर्षं एकाच वादकाच्या समजून ऐकल्या होत्या. काल पहिल्यांदा तिघांचे हात वेगवेगळे ओळखू आले.