दीड टनाचं भिजत घोंगडं

आमच्या बेडरूमच्या भिंतीवर पेन्सिलने काढलेला एक गोल आहे, साधारण वाटीएवढा. एसीचं माप घ्यायला आलेल्या माणसाने काढला होता, "इथून पाइप बाहेर जाईल" म्हणून. त्याला तीन वर्षं झाली. पाइप काही गेला नाही, माणूस गेला, गोल राहिला.

विषय दरवर्षी निघतो आणि निघतो तो रात्री दीड वाजता. उशी उलटीपालटी करून गार बाजू शोधणं चालू असतं, दोन्ही बाजू वापरून संपलेल्या असतात, आणि अंधारातून बायको म्हणते, "घेऊन टाकूया रे एकदाचा." मी म्हणतो, "उद्या बघू." वीज वाचवण्यात 'उद्या बघू'चा हात कोणी धरू शकत नाही, फाइव्ह स्टार रेटिंग आहे त्याला.

सकाळी मग घरची कमिटी बसते. बाबा रिटायर्ड, त्यामुळे वेळ आणि कॅल्क्युलेटर दोन्ही हाताशी. "दीड टनाचा एसी फुल्ल चालला की तासाला दीडेक युनिट खातो. आपला पंखा ७५ वॅटचा. म्हणजे तेवढ्या विजेत २० पंखे चालतात."

"बाबा, २० पंखे लावायचे कुठे?"

"लाव कुठे म्हणतोय, नुसतं सांगतोय."

तर मी पण वाचून ठेवलेलं सुनावलं, की पंखा खोली गार करतच नाही मुळी, तो फक्त हवा हलवतो, अंगावरचा घाम वाळतो म्हणून आपल्याला गार वाटतं, उलट त्याच्या मोटरने खोली किंचित तापतेच. हे सांगायला नको होतं असं आता वाटतं. तेव्हापासून घरातले सगळे पंख्याकडे, जुन्या विश्वासू कारकुनाची अफरातफर उघडकीला यावी तसे बघतात. आणि मोकळ्या खोलीत पंखा चालू राहिला की त्याचं खापर माझ्यावर.

आईची शंका वेगळी. "दीड टन? भिंत पेलेल का?"

मी हसलो, पण मग शोधून बघितलं की हा टन नेमका कसला, तर तो बर्फाचा निघाला! पूर्वी बर्फाच्या लाद्यांनी थंडावा करायचे त्या काळातलं माप, एक टन बर्फ २४ तासांत वितळताना जेवढी उष्णता ओढून घेईल तेवढा म्हणजे एक टनाचा एसी. तो टनही अमेरिकन, ९०७ किलोचा. म्हणजे दीड टनाचा एसी दिवसभर फुल्ल चालवणं म्हणजे बेडरूममध्ये रोज १३६० किलो बर्फ वितळवण्यासारखं आहे. हे आईला मोठ्या उत्साहाने समजावलं. ती शांतपणे म्हणाली, "मग एवढं पाणी जाणार कुठे?"

मी कपाळावर हात मारला. पण तो माप घेणारा माणूस आला ना, तर चप्पल काढता काढता त्याचा पहिला प्रश्न काय असावा? "साहेब, ड्रेनचं पाणी कुठे सोडायचं?" बर्फाचं नसलं तरी हवेतल्या दमटपणाचं पाणी निघतंच, आणि ते उताराने बाहेर काढावं लागतं. आईने माझ्याकडे फक्त बघितलं.

अभ्यास मात्र मी कसून केला. इन्व्हर्टर की साधा, कॉपर की अॅल्युमिनियम वगैरे. (इन्व्हर्टर एसी लाइट गेल्यावर घरच्या इन्व्हर्टरवर चालणार म्हणून तो तसा, हा बाबांचा समज काढायला दोन रविवार गेले. अजून पूर्ण निघालेला नाही.) एसीचा इतिहाससुद्धा वाचला, १९०२ साली ब्रुकलिनच्या एका छापखान्यात दमट हवेने कागद फुगायचा, रंगांवर रंग नीट बसेनात, म्हणून विलिस कॅरियर नावाच्या पंचवीस वर्षांच्या इंजिनियरने हे यंत्र आखलं. म्हणजे हे माणसासाठी नव्हतंच मुळात, कागदासाठी होतं. हे हिला सांगितलं तर म्हणाली, "कागदाचं तरी कोणीतरी ऐकलं."

खरी मेख पुढेच आहे. एसी थंडी तयार करत नाही, तो गरमीची फक्त बदली करतो, आतली उचलून बाहेर टाकतो, वर कॉम्प्रेसरची स्वतःची भर घालतो. आणि आमच्या शेजाऱ्यांच्या गरमीची बदली थेट आमच्या किचनच्या खिडकीत झालेली आहे! त्यांचा आउटडोअर तिथून चार फुटांवर. म्हणजे त्यांच्या बेडरूममधली गरमी गॅसपाशी उभं राहून आम्ही सोसायची. बोलायला गेलो तर म्हणाले, "तुम्ही पण घ्या की." आता आम्ही घेतला तर आमचा आउटडोअर कुठे येणार, तर त्यांच्या बाल्कनीसमोर. सूड म्हणून हे मला पटतं, पण कारण म्हणून बाबांना सांगता येत नाही.

माझी स्वतःची भीती मी कोणाला सांगितलेली नाही, इथे सांगतो. पंख्याच्या रेग्युलेटरला पाच आकडे आहेत आणि त्या पाचांवर आमचा बारा वर्षांचा संसार भांडतोय, हिला पाच हवा, मला तीन, रात्री कोणीतरी उठून हळूच बदलतं आणि तो खट्ट आवाज दुसऱ्याला बरोब्बर ऐकू येतो. एसीच्या रिमोटवर १६ ते ३० असे पंधरा आकडे असतात. आणि रिमोटचा खट्ट आवाज पण येत नाही.

गेल्या आठवड्यात शेजारी चार दिवस बाहेरगावी गेले. किचन एकदम बरं वाटायला लागलं. बाबा म्हणाले, "बघ, हवा बदलली, गरज नाही." मी पण मान डोलावली, हिने गोलावर कॅलेंडर लावून टाकलं, विषय संपला.

काल रात्री अकराला खिडकीबाहेर घूंऽऽ सुरू झालं. कोणी काही बोललं नाही. ही उठली, पंखा पाचवर केला, भिंतीवरचं कॅलेंडर काढलं आणि ड्रॉवरमध्ये मेजरिंग टेप शोधायला लागली.

"उद्या बघू," मी म्हणालो.

"टेप कुठेय?" ती म्हणाली.