अरन स्वेटर आणि बुडालेल्या कोळ्याची गोष्ट

विणकामाच्या ग्रुपवर परत तोच फॉरवर्ड आलाय. आयर्लंडच्या अरन बेटांवर म्हणे हजारो वर्षांपासून प्रत्येक घराण्याची स्वेटरची वीण ठरलेली, कोळी बुडाला आणि प्रेत किनाऱ्याला लागलं की विणीवरून घर ओळखायचे. खाली रडक्या इमोजींची रांग. मावश्यांनो, गोष्ट भारी आहे पण खरी नाही.

आधी ते हजारो वर्षं. पांढऱ्या लोकरीचा, दोरीसारख्या पिळाच्या विणीचा जो स्वेटर आपण अरन म्हणून ओळखतो तो जेमतेम सव्वाशे वर्षांचा असेल. 1891 मध्ये सरकारने पश्चिम किनाऱ्यावरच्या गरीब भागांसाठी कंजेस्टेड डिस्ट्रिक्ट्स बोर्ड काढलं, त्यातून घरबसल्या विणकामाला जोर आला, आणि 1930 मध्ये म्युरिअल गॅहन यांनी डब्लिनला कंट्री शॉप उघडलं तिथे बेटावरच्या बायकांचे स्वेटर विकले जायला लागले. चार पैसे मिळवायचा उद्योग होता हो. इसवी सन 800 च्या आसपासच्या, केल्सच्या म्हणून प्रसिद्ध असलेल्या आयर्लंडमधल्या सचित्र बायबलच्या हस्तलिखितात हाच स्वेटर दिसतो हे हाइन्झ किवे नावाच्या ऑक्सफर्डच्या लोकरवाल्याचं डोकं. सुयांवरचं विणकाम तेव्हा तिथे पोचलंही नव्हतं!

प्रेताची गोष्ट कुठून आली ते मात्र गमतीदार आहे. आयरिश नाटककार जे. एम. सिंगच्या 1904 च्या रायडर्स टू द सी नाटकात बुडालेल्या मायकेलला बहीण ओळखते, पण स्वेटरवरून नाही, मोज्यावरून. साठ टाके घातले होते आणि चार सुटले होते, ती मोजून बघते. म्हणजे ओळख पटली ती स्वतःच्या हातच्या चुकीवरून, घराण्याचा तिथे संबंधच नाही. मला तर हे फॉरवर्डपेक्षा जास्त चटका लावून गेलं.

आणि विणणाऱ्या बायकांना मी काय सांगू, पण घराण्याची वीण टिकणार कशी? मुलगी लग्न होऊन दुसऱ्या घरी जाते, शेजारणीचा नमुना आवडला की उचलते, आपण नाही का उचलत. शिवाय एकाच स्वेटरवर पीळ, शंकरपाळी, जाळी सगळं शेजारी शेजारी असतं. पीळ घातला की कापड आवळतं, म्हणून टाके वाढवायला लागतात, लोकर जास्त जाते आणि स्वेटर जाड होतो, ऊब त्याची. शंकरपाळी म्हणजे शेत आणि मधाचं पोळं म्हणजे कष्ट, हे अर्थ नंतर चिकटवलेत.

आता दुकानं आडनावाप्रमाणे नमुने विकतात, घ्या खुशाल. मी पुतण्यासाठी विणायला घातलाय एक, डाव्या बाहीत दोन टाके सुटलेत.