लूज काँटॅक्ट

काल घरच्या कॉम्प्युटरवर, लढाऊ विमानाच्या सिम्युलेटरमध्ये, मी सात जीच्या, म्हणजे अंगावर सातपट वजन आणणाऱ्या, वळणात बेशुद्ध पडलो आणि नानांनी विजेच्या बोर्डावरचं बटण बंद केलं. पुढचं विमान टप्प्यात आलं होतं, रडारनं त्याला धरलं होतं, आणि इथवर यायला मी जमिनीवर उभ्या विमानात किती वेळ नुसता बसून होतो ते सांगितलं तर तुम्हाला माझी दया येईल. घरात कोणाला आली नाही.

नाना म्हणजे हिचे मामा. वायरमन म्हणून लागले, सुपरवायझर होऊन निवृत्त झाले. जगातली कुठलीही वस्तू बंद पडली की त्यांच्या लेखी कारण एकच, लूज काँटॅक्ट. ते स्टूल ओढून माझ्या मागे बसले तेव्हा माझं इंजिनही सुरू झालेलं नव्हतं.

"लढाऊ विमान ना हे?"

"हो नाना. एफ-16."

"मग लढवा की."

लढवा की, म्हणे! आधी बॅटरीचा खटका. मग जेट फ्युएल स्टार्टर, म्हणजे मोठ्या इंजिनाला फिरवणारं धाकटं इंजिन. इंजिनाच्या फेऱ्यांचा आकडा 20 टक्क्यांपर्यंत चढला की थ्रॉटल, म्हणजे इंजिनाची ताकद ठरवणारा दांडा, पुढे सरकवून इंधन सोडायचं. हे झालं की खरी परीक्षा. विमानातल्या दिशादर्शक यंत्रणेला, आपण पृथ्वीवर नक्की कुठे उभे आहोत आणि उत्तर कुठल्या बाजूला आहे, हे पृथ्वीच्या फिरण्यावरून ताडायचं असतं. त्याला साधारण आठ मिनिटं लागतात. तोवर विमान जागचं हलवायचं नाही. सिम्युलेटर बनवणाऱ्यांनी ही आठ मिनिटं एका सेकंदाचीही सूट न देता उतरवली आहेत.

"हँग झालंय," नाना म्हणाले.

"नाही हो, अलाइनमेंट चाललीय. आठ मिनिटं लागतात."

"आणि तेवढ्यात वरून बॉम्ब पडला तर?"

प्रश्न रास्त होता, आणि त्याला उत्तरही आहे. विमान आधीच्या दिवशी नीट उभं करून दिशा साठवून ठेवली असेल तर हेच काम दीड मिनिटात उरकतं. मी तसं सांगितलं.

"मग तसंच करा की."

आता हौशी माणूस तसं का करत नाही, हे कसं सांगायचं? ज्याला पळवाट काढायची असते तो मोबाइलवर खेळतो. मी गप्प राहून आकड्याकडे बघत बसलो. नानाही बघत बसले. मग त्यांची नजर स्टिककडे, म्हणजे विमान वळवायच्या दांड्याकडे, गेली. त्यांनी हात लांब करून ती हलवून पाहिली, मग जोर लावून हलवून पाहिली.

"जाम झालीय."

"ती हलत नाही, नाना. ती तशीच असते."

"अहो जावईबापू, दांडा आहे म्हणजे हलणारच. थेंबभर तेल सोडा, लगेच मोकळी होईल."

इथे मी सविस्तर खुलासा केला. एफ-16 ची स्टिक हाताचा दाब मोजते. अगदी सुरुवातीच्या विमानांत ती मुळीच हलत नसे. वैमानिक कुरकुरले तेव्हा कुठे तिला किंचित हलू दिलं, तेही जेमतेम पाव इंच. साधी जॉयस्टिक चौफेर डोलते, म्हणून अस्सलपणाचा सोस असलेले लोक न हलणारी स्टिक मुद्दाम घेतात.

"न हलणारी महाग असते का?"

"हो."

नानांनी माझ्याकडे पाहिलं. भाचीला कुठल्या घरात दिलं, असं काहीतरी त्या नजरेत होतं.

मग एकदाचं उड्डाण झालं. माझ्या टोपीला एक खूणपट्टी लावलेली असते. डोकं जरा वळवलं की पडद्यावरची मान पुष्कळ वळते. शेपटीमागे बघायचं तर तोंड थोडं बाजूला न्यायचं आणि डोळे मात्र तिरके करून पडद्यालाच चिकटवून ठेवायचे. पाठीमागून हे कसं दिसतं याचा मी कधी विचार केला नव्हता. "मान अवघडलीय का?" नानांनी विचारलं. "चोळून देऊ?"

शत्रू डावीकडे वळला, मीही वळलो आणि स्टिकवर पूर्ण जोर दिला. खऱ्या वळणात सात जीला 70 किलोच्या माणसाचं वजन 490 किलो होतं. नऊ जीला, म्हणजे एफ-16 च्या मर्यादेला, 630. रक्त डोक्यातून पायांकडे ओढलं जातं. आधी रंग विटतात, मग कडांकडून अंधार आत सरकतो, मग सगळं काळं. म्हणून वैमानिक पाय-पोट आवळणारा जी-सूट घालतात, विशिष्ट पद्धतीनं श्वास कोंडतात, आणि एफ-16 ची खुर्चीसुद्धा 30 अंश मागे कललेली असते. सिम्युलेटर यातलं जमेल तेवढं दाखवतो. स्पीकरमधून धापा ऐकू येतात, कडा काळवंडतात आणि पडदा मिटतो. धीर धरून स्टिक सोडली की दोन-चार क्षणांत शुद्ध येते.

ते दोन-चार क्षण मला मिळाले नाहीत.

"स्क्रीन गेला! हात काढा, हात काढा!" नाना ओरडले आणि आधी मेन बटण, मग सगळ्या पिना, मग पिना पुन्हा घट्ट. मॉनिटर अर्थातच लागला. "बघा," ते म्हणाले, "लूज काँटॅक्ट." संध्याकाळपर्यंत फोनवरून सगळ्या नातेवाइकांत झालं की जावयाचा कॉम्प्युटर जळता जळता नानांनी वाचवला. ही तर म्हणाली, "नाना होते म्हणून."

राग नानांचा येत नाही, असं म्हटलं तर खोटं होईल. पण खरा राग वेगळाच आहे. घरच्या सिम्युलेटरमध्ये उडण्यातला कंटाळा शंभर टक्के उतरतो, आणि ज्यासाठी माणूस विमानात बसेल ते कणभरही उतरत नाही. खटके सगळे आहेत, प्रतीक्षा सगळी आहे. अंगावर येणारं वजन, मणक्याला बसणारा दणका, पोटात पडणारा खड्डा हे काहीच नाही. माझी खुर्ची चाकांची आहे, वळणात ती फार तर उलट्या बाजूला सरकते. हवाई दलांचे लढाऊ विमानांचे सिम्युलेटरही बरेचदा जागचे हलत नाहीत. टिकणारा जी द्यायचा तर माणसाला सेंट्रिफ्यूजमध्ये गरगर फिरवावं लागतं. ते घरी बसवता येत नाही. चौकशी केली होती.

आणि कंटाळ्याचीही परंपरा आहे बरं. 1998 च्या फाल्कन 4.0 या एफ-16 च्या सिम्युलेटरसोबत रिंग बाइंडरमध्ये अडकवलेलं जाडजूड मॅन्युअल यायचं. त्याची हौशी लोकांनी सुधारलेली आवृत्ती आजही लोक उडवतात. उलट मायक्रोसॉफ्टच्या 2020 च्या सिम्युलेटरमध्ये 2021 साली सुपर हॉर्नेट आलं, फुकट आलं, दिसायला देखणं, पण मारायला काही नाही. लढाऊ विमान घेऊन निसर्ग बघत हिंडायचं.

मारायला मिळतं तिथे दुसरं दुखणं. रडार खरोखर किती लांबचं बघतं, जॅमिंग, म्हणजे शत्रूचं रडार आंधळं करणं, नेमकं कसं चालतं, हे गोपनीय. बनवणारे जुनी उघड झालेली मॅन्युअलं वाचतात आणि उरलेलं अंदाजानं भरतात. अस्सलपणाचं वेड इतकं की 2021 मध्ये वॉर थंडर या ऑनलाइन युद्धखेळाच्या एका खेळाडूनं, खेळातला चॅलेंजर 2 रणगाडा चुकीचा बनवलाय हे सिद्ध करायला, खऱ्या रणगाड्याच्या गोपनीय मॅन्युअलची पानंच सगळ्यांसमोर टाकली. वाद जिंकण्यापुढे देशाची गुपितं किस झाड की पत्ती! मला त्याची मानसिकता समजते, हे मी घरात बोलत नाही.

या गोपनीयतेमुळे तक्रारीची सोयच राहिलेली नाही. माझ्या विमानाचं रडार मधूनच लक्ष्य सोडून द्यायचं. आता डॉप्लर, म्हणजे वेगावरून लक्ष्य ओळखणाऱ्या, रडारचं असं असतं की समोरचं विमान आपल्याला आडवं, बरोबर काटकोनात उडू लागलं की त्याचा आपल्याकडे येण्याचा वेग शून्य होतो, ते जमिनीच्या गोंधळात मिसळतं आणि रडार त्याला हरवून बसतं. खरे वैमानिक मुद्दाम तसं उडतात. पण माझं लक्ष्य नाकासमोर, सरळ माझ्याच दिशेनं येत असतानाही गायब व्हायचं. मी बनवणाऱ्यांना रेकॉर्डिंग जोडून लिहिलं. उत्तर आलं की खऱ्या विमानातही असंच होतं. कशावरून, असं विचारलं तर ते सांगता येणार नाही म्हणाले.

पुढच्या अपडेटच्या यादीत तळाशी एक ओळ होती: रडारवरून लक्ष्य विनाकारण नाहीसं होण्याचा दोष दूर केला. त्या अपडेटपासून माझा डावीकडचा ब्रेक लागत नाही. लिहिलंय त्यांना. अजून उत्तर नाही, पण काय येणार ते मला पाठ आहे.